चौकड्याचा गळपट्टा : तीन रंग, एक सुई आणि आपल्या तासांचा हिशोब



मागच्या अंकात आपण क्रोशाची साखळी, मुका खांब आणि खांब शिकलो. त्यानंतर गावबैठकांना गेले की एकच प्रश्न कानावर येतोय, "ताई, तोरणं झाली, रुमाल झाले. आता थंडीत खपेल असं काहीतरी सांगा." म्हणून या वेळी गळपट्टा घेतलाय. साधा एका रंगाचा नाही, चौकड्याचा. दिसायला अवघड वाटतो, पण ज्या ताईला साखळी आणि खांब येतो तिला हा येणारच.

धड्याचे दोन भाग आहेत. पहिल्यात विणकाम आणि दुसऱ्यात हिशोब. विणकाम वाचून वही मिटवू नका, कारण आपला माल अडतो तो बहुतेक वेळा हिशोबात.

चौकडा म्हणजे काय?

हातमागावर उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे धागे म्हणजे बाणा. ताण्यात ज्या क्रमानं रंग लावले त्याच क्रमानं बाण्यातही लावले की आपोआप चौकडा पडतो. इंग्रजीत याला ‘प्लेड’ म्हणतात. मुळात हा शब्द स्कॉटलंडमधल्या खांद्यावरून घ्यायच्या लोकरी पांघरुणाचा. म्हणजे आपल्याकडे जशी घोंगडी, तसं त्यांच्याकडे ते.

आपल्याकडे माग नाही, सुई आहे. म्हणून आपण हे काम दोन टप्प्यांत करायचं. आधी रंगीत पट्ट्यांची जाळी विणायची, हा झाला बाणा. मग जाळीच्या घरांतून उभे धागे ओवायचे, हा झाला ताणा.

यात एक गंमत आहे. रंग आपण तीनच घेतो, पण डोळ्याला सहा दिसतात. मरूनवर मरून, काळ्यावर काळा आणि पिवळ्यावर पिवळा हे तीन पक्के रंग. मरून-काळा, मरून-पिवळा आणि काळा-पिवळा हे तीन मिश्र. म्हणून रंग निवडताना एक गडद, एक मधला आणि एक उजळ घ्या. तिन्ही गडद घेतले तर चौकडा लांबून दिसत नाही आणि तिन्ही उजळ घेतले तर मळ लवकर दिसतो. या धड्यात मी मरून, काळा आणि हळदी पिवळा धरलाय. तुम्ही निळा, राखाडी, पांढरा घ्या नाहीतर हिरवा, तपकिरी, मोतिया घ्या, क्रम तोच ठेवा.

काय काय लागेल?

- चार पदरी मऊ लोकर (दुकानात ‘फोर प्लाय’ म्हणून मागा), तीन रंगांत. शिकताना प्रत्येक रंगाची ५० ग्रॅम घेतली की भरपूर होते, उरतेही.
- ४ मिलिमीटरची क्रोशाची सुई. हात सैल असेल तर साडेतीनची.
- बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची लोकर ओवायची सुई.
- कात्री, मोजपट्टी, वही-पेन.

लोकर घेताना तीन गोष्टी बघा. पहिली म्हणजे लेबलवरचा लॉट नंबर. एकाच रंगाचे दोन गोळे वेगळ्या लॉटचे असले तर छटा बदलते आणि ते विणून झाल्यावरच कळतं. दुसरी म्हणजे रंग सुटतो का. गडद लोकरीचा तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यावर चोळा. फडकं रंगलं तर ती लोकर पिवळ्या किंवा पांढऱ्याशेजारी वापरू नका. तिसरी म्हणजे लोकर खरी की ॲक्रिलिक. चार बोटं तुकडा चिमट्यात धरून जाळून बघा. केस जळल्यासारखा वास येऊन राख चुरगळली तर लोकर मेंढीची. वितळून कडक मणी झाला तर ॲक्रिलिक. बाजारात स्वस्त मिळते ती बहुतेक ॲक्रिलिकच. ती वाईट नाही, मऊ असते, धुवायला सोपी असते. पण ती आगीजवळ वितळते. चुलीपुढे, शेकोटीपुढे बसताना असा गळपट्टा काढून ठेवायचा, हे गिऱ्हाईकालाही सांगायचं.

घोंगडीची दख्खनी मेंढीची लोकर टिकाऊ खरी, पण ती गळ्याला टोचते. या कामाला ती नको.

आधी नमुना

नमुना म्हणजे वेळ वाया, असं वाटतं. पण आपल्याच भागातल्या एका गटानं मागच्या थंडीत चाळीस नगांची ऑर्डर घेतली होती. सहा जणींनी वाटून काम केलं. प्रत्येकीचा हात वेगळा, त्यामुळे कुणाचा गळपट्टा २१ इंच, तर कुणाचा २६ इंच झाला. अकरा नग परत आले. विण सगळ्यांची सुरेख होती, फक्त माप एक नव्हतं.

म्हणून आधी २८ साखळ्या घालून खाली दिलेली जाळी १२ घरं रुंद आणि १२ ओळी उंच विणा. सपाट ठेवून मधली ९ घरं मोजा, ती ४ इंच भरली पाहिजेत. मग उभ्या ९ ओळी मोजा, त्याही ४ इंच हव्यात. ४ इंचांत जास्त घरं बसली तर हात घट्ट आहे, सुई थोडी मोठी घ्या. कमी बसली तर लहान घ्या. जुळलं की पुढचा हिशोब सोपा आहे. १८ घरं म्हणजे ८ इंच उंची आणि ५४ ओळी म्हणजे २४ इंच घेर.

मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर साधारण २१ ते २३ इंच असतो. चौकड्याची विण उभ्या धाग्यांमुळे फारशी ताणली जात नाही, म्हणून २४ इंचाच्या खाली जाऊ नका. नाहीतर गळपट्टा डोक्यातून उतरणारच नाही.

पहिला टप्पा : जाळी

सुरुवात मरून रंगानं करा.

पाया : ४० साखळ्या घाला.

ओळ १ : सुईपासून सहाव्या साखळीत पहिला खांब घाला. सुटलेल्या साखळ्यांमधून कडेचा एक खांब, वरची एक साखळी आणि पहिलं घर तयार होतं. पुढे १ साखळी घाला, पायातली १ साखळी सोडा, पुढच्या साखळीत १ खांब. असं शेवटपर्यंत. मोजा : कडेचा धरून १९ खांब आणि १८ घरं.

ओळ २ : काम उलटा. ४ साखळ्या घाला. त्यातल्या ३ म्हणजे एक खांब आणि १ म्हणजे घराची साखळी. आता दुसऱ्या खांबाच्या डोक्यावर १ खांब, मग १ साखळी, पुढच्या खांबावर १ खांब. शेवटचा खांब मागच्या ओळीच्या कडेच्या साखळ्यांपैकी खालून तिसऱ्या साखळीत घाला. पुन्हा १९ खांब, १८ घरं.

पुढच्या सगळ्या ओळी दुसऱ्या ओळीसारख्याच. खांबावर खांब आणि घरावर घर आलं पाहिजे, नाहीतर नंतर उभा धागा सरळ जाणार नाही. चुकतं ते बहुतेक कडेला. शेवटचा खांब विसरला की घर कमी होतं आणि पट्टी निमुळती होत जाते. म्हणून पहिल्या दहा ओळी प्रत्येक वेळी घरं मोजा, मग हात बसतो.

रंगांचा क्रम पाठ करायला सोपा आहे : आठ-चार-दोन-चार.

- मरून : ८ ओळी
- काळा : ४ ओळी
- पिवळा : २ ओळी
- काळा : ४ ओळी

हे झाले १८. असं तीनदा केलं की ५४ ओळी पूर्ण.

रंग बदलताना : ओळीतला शेवटचा खांब घालताना सुईवर दोन फासे उरले की जुना रंग सोडा आणि नव्या रंगानं ते दोन फासे काढा. मग काम उलटून नव्या रंगाच्या ४ साखळ्या घाला. असं केलं की रंगाची रेघ सरळ येते. जुन्या रंगानं खांब पुरा करून मग नवा जोडला तर कडेला ठिपका दिसतो.

सगळे आकडे मुद्दाम सम ठेवलेत. त्यामुळे रंग नेहमी एकाच कडेला बदलतो. पिवळ्याच्या दोन ओळींसाठी काळा तोडायचा नाही, कडेनं सैल वर न्यायचा. मरून मात्र तोडा, कारण तो दहा ओळींनी परत येतो. पिवळाही तोडा. तोडताना ६ इंच टोक ठेवा. आखूड टोक धुतल्यावर बाहेर येतं. गाठी मारू नका, त्या गळ्याला टोचतात.

दुसरा टप्पा : उभे धागे

आता पट्टी ८ इंच रुंद आणि २४ इंच लांब आहे. तिच्या लांबीत घरांच्या १८ रांगा दिसतील. प्रत्येक रांगेतून दुपदरी धागा जाणार. ३६ इंचांचे धागे कापून घ्या : मरूनचे १६, काळ्याचे १६, पिवळ्याचे ४.

रांगांचा क्रम एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत असा : मरून ४, काळा ४, पिवळा २, काळा ४, मरून ४. बेरीज १८. मधोमध पिवळ्या दोन रांगा आल्या की क्रम बरोबर आहे.

बोथट सुईत दोन धागे एकत्र ओवा. पहिल्या रांगेत सुई एका साखळीच्या खालून, पुढच्या साखळीच्या वरून, परत खालून अशी शेवटपर्यंत न्या. दुसऱ्या रांगेत उलट करा, म्हणजे जिथे आधी खालून गेलात तिथे वरून जा. टोपलीची वीण असते तसंच हे. दोन्ही बाजूंना साधारण ३ इंच टोक बाहेर राहू द्या.

इथे घाई करायची नाही. धागा ओढला की पट्टी आकसते आणि २४ इंचांची २१ होते. एक रांग झाली की पट्टी लांबीत हळूच ताणून सोडा, धागा आपली जागा घेईल. दर चार रांगांनी मोजपट्टी लावा. ओवल्यावरही भोकं दिसत असतील तर धागा तिपदरी करा. पण हे नमुन्यावरच ठरवा आणि मग सगळ्या नगांना तेच ठेवा.

जोडणी आणि कड

पट्टीची दोन आखूड टोकं जुळवा. शेवटचा काळा आणि सुरुवातीचा मरून शेजारी येतील, म्हणजे क्रम न तुटता चालू राहतो. मरून धाग्यानं आतल्या बाजूनं शिवून घ्या. उभ्या धाग्यांची टोकं त्याच रांगेत मागे दोन इंच ओवून मग कापा.

आता वरच्या आणि खालच्या कडेला मरून रंगानं मुका खांब घाला. प्रत्येक ओळीच्या कडेवर २, म्हणजे गोल फिरून १०८. कडेनं वर नेलेला काळा धागा आणि रंगांची टोकं या मुक्या खांबांच्या पोटात घ्या. एक फेरी पुरते, दोन केल्या तर कड छान बसते.

बटणाचा प्रकार : अंबाडा घालणाऱ्या, मान वळवायला त्रास होणाऱ्या आजींसाठी आणि लहान मुलांसाठी बंद गोल नको. पट्टी शिवू नका. दोन्ही आखूड टोकांना मुक्या खांबाच्या दोन ओळी घाला, एका टोकाला साखळ्यांच्या तीन कड्या आणि दुसऱ्याला तीन बटणं लावा. बटण दुहेरी दोऱ्यानं घट्ट लावा.

शाळकरी मुलांचं माप : पाया ३६ साखळ्या, घरं १६. ओळींचा क्रम सहा-चार-दोन-चार तीनदा, म्हणजे ४८ ओळी आणि साधारण २१ इंच. उभ्या रांगा मरून ३, काळा ४, पिवळा २, काळा ४, मरून ३.

धुणं : थंड पाण्यात, थोड्या साबणात, न पिळता. दोरीवर लटकवू नका, ओल्या वजनानं लांबतो. सावलीत सपाट पसरून वाळवा. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवायची नाही. हे चार शब्द लहान चिठ्ठीवर लिहून प्रत्येक नगाला लावा.

आता हिशोब

मैत्रिणींनो, हा भाग बैठकीत मोठ्यानं वाचा.

आठवडी बाजारात यंत्रावरचा मफलर स्वस्तात मिळतो, म्हणून आपणही आपला गळपट्टा दीडशेला देऊन टाकतो. वर म्हणतो, "घरबसल्या केलाय, आपलं काय जातंय?" काय जातंय ते मांडून बघू. खालचे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या बाजारातले भाव घालून परत करा.

समजा १०० ग्रॅम लोकर ८० रुपयांना मिळते आणि एका नगाला ६५ ग्रॅम लागते. लोकरीचे झाले ५२ रुपये. पिशवी, चिठ्ठी, दोरा यांचे १० रुपये. वीस नगांची लोकर आणायला जाण्यायेण्याचे १०० रुपये लागले, तर नगामागे ५ रुपये. एकूण ६७.

आता वेळ. हात बसलेल्या बाईला जाळी, ओवणं आणि कड मिळून सहा-साडेसहा तास लागतात. साडेसहा धरू. दीडशेतून ६७ गेले, उरले ८३. त्याला साडेसहानं भागलं तर तासाला पावणेतेरा रुपये. एवढ्या मजुरीवर आपण दुसऱ्याच्या शेतात जाऊ का? नाही ना? मग स्वतःच्या हाताला हा दर का लावायचा?

उलट बाजूनं मांडू. तासाला निदान ४० रुपये मजुरी धरली तर साडेसहा तासांचे २६०. त्यात ६७ मिळवले की ३२७. खराब जाणारा माल आणि गटाचा वाटा म्हणून दहा टक्के, म्हणजे ३३ रुपये. विक्रीची किंमत झाली ३६०.

तुम्ही म्हणाल, "३६० ला घेणार कोण?" प्रश्न बरोबर आहे. आठवडी बाजारात नाहीच घेणार. म्हणून हा माल तिथे न्यायचा नाही. हातचं काम ओळखणारं गिऱ्हाईक असतं ते सरस प्रदर्शनात, थंड हवेच्या ठिकाणच्या दुकानांत, तालुक्यातल्या शिक्षिका आणि बँकेतल्या मॅडम यांच्यात. तिथे ‘हातानं विणलेला, साडेसहा तासांचं काम’ असं चिठ्ठीवर लिहा. किंमत तेव्हा पटते.

तिथेही ३६० मिळत नसतील तर भाव पाडण्याआधी काम कमी करता येतं का ते बघा. फक्त आडव्या पट्ट्यांचा, न ओवलेला गळपट्टा अर्ध्या-पाऊण वेळात होतो, तो कमी भावात द्या. चौकड्याचा भाव मात्र पाडू नका.

आणि एक स्पष्ट सांगते. हा धंदा थंडीचा आहे, चार महिन्यांचा. यावर घर चालणार नाही. शेतीच्या, शिलाईच्या, दुधाच्या कमाईला हा जोड आहे. म्हणून यासाठी मोठं कर्ज काढू नका. अंतर्गत कर्जातून वीस नगांची लोकर घ्या, ती विकली की पुढची घ्या. पावसाळा संपताना काम सुरू करा, म्हणजे दिवाळीच्या आसपास माल हातात असेल. पौषात विणायला बसलात तर माल पुढच्या थंडीपर्यंत पेटीत राहील.

गटाच्या बैठकीत हे ठरवा

१. नमुना कुणाचा? एकीचा नमुना पक्का करा. बाकीच्यांनी आपला तुकडा त्यावर ठेवून जुळवायचा.

२. लोकर कोण आणणार? एका ऑर्डरची सगळी लोकर एकदम आणि एका लॉटची आणा. आणणाऱ्या ताईचा दिवसही हिशोबात धरा.

३. एका नगाला लोकर किती? किराणा दुकानाच्या काट्यावर गोळे आधी आणि नंतर तोला. माझा ६५ चा आकडा तुमच्या हाताला लागू पडेलच असं नाही.

४. वेळ किती? पहिले तीन नग करताना सुरुवात आणि शेवट वहीत लिहा. मध्ये उठून स्वयंपाक केला, जनावरांना पाणी दाखवलं, तो वेळ वजा करा. उरेल तो तुमचा खरा वेळ.

५. तपासणार कोण? माप २४ इंच, घरं १८, टोकं लपलेली, रंग न सुटणारा. चारही बरोबर असतील तरच नग पिशवीत.

६. पैसे कसे वाटायचे? नगावर वाटा, डोक्यावर नाही. जिनं पाच केले तिला पाचाचे. हे काम सुरू करण्याआधीच ठरावात लिहा, म्हणजे नंतर रुसवे-फुगवे होत नाहीत.

वेळेची वही लिहायला काही जणींना संकोच वाटतो, हे मला माहीत आहे. "एवढं काय मोजायचं?" असं घरातलेही म्हणतात. पण बचतीचा रुपया न रुपया आपण वर्षानुवर्षं वहीत लिहितोय, तेव्हा कुठे बँकेनं आपल्याला दारात उभं केलं. तासांचंही तसंच आहे. वहीत असले की भाव सांगताना आवाज खाली जात नाही.

पुढच्या महिन्याच्या प्रभाग बैठकीला येताना प्रत्येक गटानं दोन गोष्टी आणा. एक, १२ घरांचा नमुना. दोन, तीन नगांच्या तासांची वही. नमुने एकमेकींच्या शेजारी ठेवून जुळवू आणि सगळ्या वह्या बघून आपल्या प्रभागाचा एकच भाव ठरवू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक